‘सर्माउंट’ : एका क्रियापदाची चढण

इंग्रजी वृत्तपत्रांत, चरित्रग्रंथांत आणि समारंभांतील भाषणांत ‘सर्माउंट’ हे क्रियापद वारंवार भेटते. संकटांचा उल्लेख झाला की पाठोपाठ ते येते, आणि मराठी भाषांतरकार ‘मात करणे’ असे लिहून पुढे जातो. ढोबळ अर्थ त्याने कळतो. परंतु या दोन शब्दप्रयोगांच्या मुळाशी असलेली चित्रे अगदी भिन्न आहेत, आणि त्यामुळे कधी कधी मूळ वाक्याचा आशयच पालटतो.

‘सर्माउंट’ हा शब्द इंग्रजीचा घरचा नव्हे. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक पिढ्या तेथील दरबारात फ्रेंच भाषेचा पगडा राहिला. त्या काळात जे असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत रुजले, त्यांपैकी हा एक. १४ व्या शतकातील इंग्रजीत तो आढळतो. त्याचा पूर्वार्ध लॅटिन ‘सुपेर’ म्हणजे ‘वर’ या शब्दापासून निघाला आहे. उत्तरार्धाचा अर्थ चढणे असा असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील पर्वतवाचक ‘मोन्स’ हा शब्द आहे. डोंगर चढून वर जाणे, हा त्याचा मूळ भाव होय.

इंग्रजीत आरंभी हे क्रियापद दुसऱ्याहून सरस ठरणे या अर्थाने वापरले जाई; अडथळा ओलांडून जाणे हा आजचा रूढ अर्थ पुढे बळावला. एखाद्या वास्तूच्या वर्णनात घुमटावर कळस विराजमान आहे असे सांगावयाचे झाले, तरी इंग्रज लेखक याच क्रियापदाचा उपयोग करतो. घोड्यावर स्वार होणे या अर्थाचा ‘माउंट’ आणि बेरीज वर चढत जाऊन होणारी रक्कम म्हणजे ‘अमाउंट’, हे याचेच भाऊबंद. आणखी एक भाऊबंद ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर व हैदराबाद येथील संस्थानी कारभारात फार दरारा बाळगून होता. ब्रिटिश सत्ता स्वतःस ‘पॅरामाउंट पॉवर’, म्हणजे सर्वांच्या वरची सत्ता, म्हणवीत असे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते अधिराज्य संपुष्टात आले.

‘ओव्हरकम’ हे याच अर्थाचे क्रियापद मात्र अस्सल इंग्रजी वंशाचे आहे. त्यातील ‘ओव्हर’, लॅटिन ‘सुपेर’ आणि संस्कृत ‘उपरि’ हे एकाच कुळातील शब्द. ‘कम’ हा संस्कृत ‘गम्’ धातूचा सगोत्र. या क्रियापदाला दोन्ही बाजूंनी धार आहे. माणूस दुःखाला ‘ओव्हरकम’ करतो, आणि दुःखही माणसाला ‘ओव्हरकम’ करून व्याकूळ करते. ‘सर्माउंट’चे तसे नाही. दुःख माणसाला ‘सर्माउंट’ करीत नाही. वर चढण्याचा मान तेथे माणसाचाच.

आता मराठीकडे वळल्यास काय दिसते? ‘मात’ हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून, फारसीतून आला. तेथे प्रतिपक्षाचा राजा कोंडला जातो आणि डाव संपतो. ‘निस्तरणे’ यात ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे हा धातू असल्याने संकट नदीचे रूप घेते. मात्र व्यवहारात हा शब्द बहुधा स्वतःच करून ठेवलेल्या घोटाळ्यापुरता उरला आहे. ‘उल्लंघन’ हा खरा जवळचा शब्द; पण कायद्याच्या भाषेने त्याला गुन्ह्याच्या रांगेत बसविले. त्याचे जुने तेज विजयादशमीच्या ‘सीमोल्लंघना’त तेवढे टिकून आहे. विघ्न समूळ नाहीसे करणे हे तर विघ्नहर्त्याचे काम मानले गेले.

‘सर्माउंट’ या शब्दात अडथळा नाहीसा झाल्याचा दावा नाही. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर सुमारे पंधरा मिनिटे उभे होते. ते उतरले तेव्हा पर्वत होता तेवढाच उंच होता. हेलन केलर यांची दृष्टी व श्रवणशक्ती वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात गेली. १९०४ साली त्या रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या, तरी डोळ्यांपुढील अंधार आणि कानांतील शांतता कायमच होती. त्यांनी अंधत्वावर ‘मात केली’ असे लिहिले की डाव एकदाचा संपला असे वाटते. वास्तविक ती चढण त्यांना पुढील आयुष्यात रोज नव्याने चढावी लागत होती.

म्हणून भाषांतरकाराने लेखणी टेकण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : अडथळा संपला आहे, की तो तसाच असून माणूस वर गेला आहे? पहिल्या ठिकाणी ‘मात’ शोभते. दुसऱ्या ठिकाणी ‘ओलांडणे’, ‘चढून जाणे’ हे साधे शब्दच अधिक प्रामाणिक ठरतात. असाध्य व्याधी किंवा जन्मजात व्यंग घेऊन जगणाऱ्याला, तुझा डाव अजून जिंकून झालेला नाही, असे मग त्याच्याच गौरवाच्या शब्दांतून ऐकावे लागत नाही.