गिऱ्हाईक जोडावे कसे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर सोन्याच्याच धंद्यातील माणसास उभे करावे, हा चालकांनी साधलेला योग आम्हांस मोठा गमतीचा वाटला. विषय दिला आहे तो ग्राहक कायमचा कसा जोडावा, हा. या विषयावर शास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही. मुशीपुढे बसून जे कळले, तेवढेच सांगावयाचे आहे.

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर का पांगली, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडी. तेव्हा मिसरूड फुटण्यापूर्वीच एखाद्या चुलत्याचे वा मामाचे बोट धरून परमुलूख गाठावयाचा. आम्हीही असेच काकांच्या मागोमाग कोईमतूरला आलो. भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. आणि धंदा असा, की परक्या माणसाने आपले सोने आमच्या हाती ठेवावयाचे!

गलाईचे काम थोडक्यात असे. जुने सोने बेताची चांदी घालून आटवावयाचे आणि तेजाबात उकळावयाचे. चांदी आणि तांबे तेजाबात विरघळते. सोने तेवढे तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी राहते. ती भुकटी धुऊन पुन्हा आटवली की शुद्ध सोने हाती येते. उकळी अपुरी पडली, तर सोन्यात चांदी राहून जाते आणि डोळ्यांना ती दिसत नाही.

१९९४ सालच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या हातून नेमके हेच घडले. कामाची गर्दी होती. एका आसारीचे, म्हणजे तिकडच्या सोनाराचे, सोने आम्ही घाईने उतरविले. त्याने त्याचे लग्नाचे दागिने घडविले, आणि लग्नघरी ते कसाला उतरले नाहीत. चार माणसांत खाली मान घालून तो आमच्या दुकानी आला. आम्ही काय करावे? ‘तुमच्या डागकामात खोट असेल’, असे मोडक्या तमिळमध्ये त्यालाच सुनावले. आपल्या जवळचा उरलेला तुकडा गादीवर ठेवून तो मुकाट्याने निघून गेला.

रात्री काकांनी तो तुकडा आमच्यासमोर तेजाबात उकळला आणि त्या तेजाबात मिठाचे पाणी ओतले. पांढराशुभ्र साका धरला. चांदी होती! काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “अरे, भाषा मोडकी असली तर लोक सांभाळून घेतात. शब्द मोडका असला तर कोण घेईल?” त्याच रात्री ते तुटीचे सोने घेऊन आसारीच्या घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर लग्नघरी जाऊन ‘चूक आमची आहे’, असे सांगून आले.

यानंतर तो आसारी लगेच परत आला, असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. दोन वर्षे त्याने आमची पायरी चढली नाही. तिसऱ्या वर्षी त्याचा मुलगा आला आणि म्हणाला, “अप्पांनी पाठविले आहे.” ते घर आजही आमचे गिऱ्हाईक आहे.

तेव्हापासून आम्ही तीन नेम पाळीत आलो. वजन गिऱ्हाइकासमोर करावयाचे आणि चिठ्ठी त्याच्या भाषेत लिहावयाची. प्रत्येक लगडीचा कण जपून ठेवावयाचा. आणि चूक सापडली, तर त्याने येण्याची वाट न पाहता आपणच त्याच्या दारी जावयाचे.

आमच्याच मुलखातले एक थोर उदाहरण आठवते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. ती समजूत नुसत्या जाहिरातीने गेली नसती. नांगर शेतात चालवून दाखवावा लागला, शेतकऱ्याचे ऐकून घ्यावे लागले. पुढे १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, तेही प्रथम कारखान्याची वार्ता ग्राहकांपर्यंत पोहोचविण्यासाठीच. माल विकला की नाते संपते, असे त्या मंडळींनी मानले नाही.

आता आमची मुले विचारतात, “सोने तपासायला यंत्र आले. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि पुढे त्यांत आणखी जिल्ह्यांची भर पडली. मग तुमच्या या नात्याचे काम काय?” प्रश्न रास्त आहे. किरणांचे ते यंत्र क्षणात टंच सांगते. पण ते पृष्ठभाग पाहते. आणि टंच कमी भरला, तर तूट कोणी सोसावयाची, हे कोणतेच यंत्र सांगत नाही. ते माणसानेच सांगावे लागते, आणि तेथेच गिऱ्हाईक जोडले जाते अथवा तुटते.

येथे जमलेल्या तरुणांपैकी कोणी औषधे विकतो, कोणी विमा, कोणी यंत्रे. परमुलखात आपल्याला आडनावावरून कोणी ओळखत नाही. दिलेल्या शब्दावरून ओळखतात. आपल्यापैकी एकाने शब्द मोडला, तर ‘ही माणसे अशीच’ असा शिक्का उद्या येणाऱ्या पोरावर बसतो. ती जबाबदारी आपण सर्वांनी वाहावी, एवढे विनवून आम्ही आपली रजा घेतो.