‘मीथिंक्स’ आणि ‘मला वाटते’



शेक्सपिअरच्या नाटकांत ‘मीथिंक्स’ हे क्रियापद वारंवार भेटते. ‘आय थिंक’चेच हे काहीसे गावंढळ रूप असावे, अशी समजूत सहज होते. वस्तुस्थिती निराळी आहे.

इ. स. ११०० पूर्वीच्या इंग्रजीत दोन स्वतंत्र क्रियापदे नांदत होती. ‘थेन्चन’ म्हणजे विचार करणे आणि ‘थ्युन्चन’ म्हणजे वाटणे, भासणे. मूळ एकच, परंतु विचार करणारा प्रथमेत उभा राही, तर ज्याला वाटे तो चतुर्थीत जाई. ‘मीथिंक्स’ हे या दुसऱ्या क्रियापदाचे अपत्य. त्यातला ‘मी’ आपला ‘मी’ नव्हे. तो ‘मला’ आहे. सारा शब्द म्हणजे अक्षरशः ‘मला वाटते’!

पुढे दोहोंचे उच्चार जवळ येऊन एकच ‘थिंक’ उरले. विभक्तिप्रत्यय झिजले आणि क्रियापदाच्या आधी येईल तो कर्ता, असा दंडक पडला. ‘लाइक’चीही तीच गत. त्याचा मूळ अर्थ आवडणे, रुचणे. ‘मे लीकाथ’ म्हणजे मला आवडते. त्याचे ‘आय लाइक’ झाले. ‘मीथिंक्स’ आणि त्याचे भूतकाळी रूप ‘मीथॉट’ मात्र जुन्या वाड्याच्या चिरेबंदी जोत्यासारखी मागे राहिली.

मराठीतही ‘वाटणे’ एकाहून अधिक आहेत. चटणी वाटतात, प्रसाद वाटतात आणि मनाला काही वाटते. तरी आपला गोंधळ होत नाही, कारण ‘मला’ हा पहारेकरी दारात उभा असतो.

आपल्या या हिंदीभाषक नगरातली मुले ‘मुझे लगता है’च्या संगतीने ‘मला लागते की’ म्हणतात, आणि आजी घाबरून विचारतात, “कोठे लागले रे?” याचे मला फारसे भय नाही, क्रियापद परके असले तरी चतुर्थी शाबूत आहे. भय आहे ते ‘मी विचार करतो की उद्या पाऊस पडेल’ या वाक्याचे. इंग्रजीने जे शतकानुशतके झिजत गमावले, ते आपण एका पिढीत हातांनी टाकून देत आहोत.

आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, ‘विकारविलसित’ या नावाने. मूळ नाटकात ‘मीथिंक्स’ आहे. त्यासाठी आजच्या इंग्रज विद्यार्थ्याला तळटीप लागते. मराठी भाषांतरकाराच्या जिभेवर त्याचा प्रतिशब्द अजून आयता आहे.