काचबिंदूची वाटचाल आणि यंत्राचे भाकीत
(व्याख्यानाचा पाठ)



मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सामान्य बोलण्यात अनेकदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. प्रत्यक्षात दोहोंत मोठा भेद आहे. मोतीबिंदूमुळे अंधुक झालेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूमुळे गमावलेली दृष्टी मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या दृष्टिचेतेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. या विकारात ते हळूहळू नष्ट होतात आणि बहुसंख्य रुग्णांना वेदनाही होत नाहीत. दृष्टिक्षेत्राच्या कडेकडून ऱ्हास सुरू होत असल्याने समोरचे अक्षर दीर्घकाळ स्पष्ट दिसते आणि रुग्ण निश्चिंत राहतो.

भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख व्यक्तींना काचबिंदू असल्याचा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. दक्षिण भारतातील लोकसंख्याधारित पाहण्यांमध्ये आढळलेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना आपल्याला हा विकार आहे याची कल्पनाच नव्हती.

निदान झाल्यानंतरचा प्रश्न अधिक नाजूक असतो. दोन रुग्णांच्या डोळ्यातील दाब सारखा असला, तरी एकाची दृष्टी वीस वर्षे टिकते आणि दुसऱ्याची पाच वर्षांत खालावते. पारा-स्तंभाच्या २१ मिलिमीटरपर्यंतचा दाब सर्वसाधारण मानला जातो. परंतु त्याहून कमी दाबातही काचबिंदू होतो. म्हणून केवळ दाबाच्या आकड्यावरून वाटचाल ठरवता येत नाही. वय, पारपटलाची जाडी, दृष्टिचेतेच्या मुखाशी असलेल्या खळग्याचा आकार असे अनेक घटक तिच्यावर परिणाम करतात. स्वीडनमध्ये झालेल्या एका दीर्घ अभ्यासात दाब १ मिलिमीटरने उतरला की विकार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. उपचाराचा लाभ निश्चित आहे. प्रश्न एवढाच, की शस्त्रक्रियेची जोखीम कोणी पत्करावी आणि कोणाला थेंबांवर ठेवता येईल?

आजवर याचे उत्तर दृष्टिक्षेत्र तपासणीच्या पुनरावृत्तीतून शोधले गेले. प्रकाशाचे मंद ठिपके दाखवून ५० हून अधिक बिंदूंवरील संवेदनक्षमता डेसिबलमध्ये मोजली जाते. परंतु ही तपासणी थकवणारी असते आणि त्याच रुग्णाची लगेच पुन्हा घेतली, तरी आकडे बदलतात. त्यामुळे झपाट्याने होणारा ऱ्हास ओळखण्यासाठी पहिल्या दोन वर्षांत सहा तपासण्या कराव्यात, अशी शिफारस तज्ज्ञ करतात. ग्रामीण रुग्णाने दोन वर्षांत सहा वेळा शहर गाठावे, ही अपेक्षाच फार मोठी आहे.

येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ ते २०१८ या काळातील ३२,४४३ दृष्टिक्षेत्र तपासण्यांवर संगणकीय जाळ्याला प्रशिक्षण दिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, केवळ एका तपासणीवरून साडेपाच वर्षांपर्यंतचे संभाव्य दृष्टिक्षेत्र रेखाटता आले आणि प्रत्येक बिंदूवरील सरासरी चूक सुमारे अडीच डेसिबल राहिली. तपासणीतच मुळात काही डेसिबलचा चढउतार असतो, हे लक्षात घेता ही अचूकता लक्षणीय आहे.

तथापि सावधगिरी आवश्यक आहे. अशा नोंदी बहुधा उपचार घेत असलेल्या रुग्णांच्या असतात. ज्यांची दृष्टी वेगाने खालावली, त्यांचे औषध डॉक्टरांनी वाढवलेले असते. म्हणजे यंत्र रोगाची निव्वळ वाटचाल शिकत नाही, तर उपचाराने वळवलेली वाटचाल शिकते. उपचार सोडलेल्या रुग्णाला तेच भाकीत लावणे धोक्याचे ठरेल. शिवाय भारतात कोन बंद होण्यातून उद्भवणाऱ्या काचबिंदूचे प्रमाण युरोपीय लोकसंख्येपेक्षा अधिक आहे; परदेशी नोंदींवर घडलेले यंत्र येथे जसेच्या तसे चालेल असे गृहीत धरता येत नाही.

थायलंडचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार ओळखणारी एक प्रणाली तेथील आरोग्यकेंद्रांत वापरली गेली, तेव्हा पाचव्या हिश्श्याहून अधिक छायाचित्रे यंत्राने परीक्षणास अयोग्य ठरवली; कारण खोलीतील उजेड प्रयोगशाळेसारखा नव्हता. विकार निराळा असला, तरी ही अडचण आपल्याकडील प्राथमिक केंद्रांतही उद्भवू शकते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत मानवी देखरेखीवर भर आहे. त्याच वर्षी संसदेने डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा संमत केला. त्यामुळे रुग्णाच्या संमतीचा प्रश्न आता केवळ सौजन्याचा राहिलेला नाही.

मूळ अडचण मात्र अधिक साधी आहे. वाटचालीच्या भाकितासाठी नोंदींची सलग मालिका उपयुक्त ठरते आणि आपल्याकडील रुग्ण दवाखाना बदलतो तेव्हा जुने कागद घरीच राहतात. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी या नोंदी जोडता येतात. दाबाचे मोजमाप, दृष्टिचेतेचे छायाचित्र आणि दृष्टिक्षेत्राचा आलेख हे तिन्ही प्रत्येक भेटीत त्या खात्यात जमा होऊ लागले, तर भारतीय रुग्णांवरच प्रशिक्षित झालेले यंत्र घडवण्यास लागणारी सामग्री काही वर्षांत हाती येईल.