वाचनाचेही हंगाम असतात
(ग्रंथालय कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतीला जसा हंगाम असतो, तसा वाचनालाही असतो. आपल्या ग्रामजीवनात ही गोष्ट नवी नाही. लावणी उरकली, की चातुर्मासात देवळात किंवा ओसरीवर पोथी लागते. श्रीधरस्वामींचा १७०२ सालचा ‘हरिविजय’ असाच पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. एकाने वाचावे व दहांनी ऐकावे, या रीतीमुळे निरक्षरांनाही ग्रंथांचा परिचय घडला. पुढे दत्तजयंतीच्या सप्ताहात ‘गुरुचरित्र’, दासनवमीच्या सुमारास ‘दासबोध’, असा क्रमच ठरून गेला.

नव्या काळाने या क्रमात भर घातली. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून रुजलेल्या परंपरेमुळे एरवी पुस्तकाकडे न वळणारा माणूसही दिवाळीत अंकांची चौकशी करतो. व्यक्तीची आवडही ऋतुमानाप्रमाणे पालटते. पावसाच्या झडीत मोठी कादंबरी हाती घ्यावीशी वाटते. सुगीत दमलेला शेतकरी वर्तमानपत्रावर नजर फिरवून अंथरुणाला पाठ टेकतो. उन्हाळ्याच्या लांब दुपारी मुले गोष्टींच्या पुस्तकांचा फडशा पाडतात.

मात्र ती पुस्तके त्यांना मिळाली पाहिजेत. मुलांना सर्वाधिक सवड मे महिन्यात असते आणि नेमके तेव्हाच अनेक शाळांतील पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असते. दोष केवळ शिक्षकाचा नाही. पुस्तक हरवल्यास जबाबदारी आपल्यावर येईल, ही धास्ती त्याला असते. ही धास्ती गावाने वाटून घेतली पाहिजे. सुट्टी लागण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी पुस्तकांची यादी करून ती गावच्या ग्रंथालयाकडे सोपवावीत. ग्रंथालय नसेल तेथे पंचायतीने एक खोली द्यावी. हाताळून फाटलेले पुस्तक कामी आले, असे समजावे. वाळवीने खाल्लेले पुस्तक मात्र वाया गेले.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रंथालयांना शासनमान्यतेचा व अनुदानाचा आधार दिला. त्या आधाराचे चीज वाचकाच्या सवडीशी जुळवून घेण्यात आहे. सुगीत ग्रंथालय रात्री उघडे ठेवावे. चातुर्मासात पोथी आटोपल्यावर शेती वा आरोग्यविषयक पुस्तकाची चार पाने मोठ्याने वाचावीत. वाफसा पाहून पेरणारा आपला शेतकरी वेळेचे मोल जाणतो. ग्रंथालय चालविणाऱ्यांनीही ते जाणावे, एवढीच विनंती.