वाहून गेलेल्या म्हशीचा पंचनामा



23 जुलै 2021 हा दिवस गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या इब्रामपूर, हणखणे, चांदेलच्या लोकांना सांगावा लागत नाही. 1982 नंतरचा सर्वांत मोठा पूर, असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच म्हटलं. त्याआधी दोनच वर्षं, ऑगस्ट 2019 मध्ये, तिळारी धरणातून सुटलेल्या पाण्याने डिचोली तालुक्यातला साळ गाव वेढला होता. नदी तीच. वर दोडामार्गात ती तिळारी, खाली आपल्याकडे शापोरा.

पाणी चढू लागलं की माणूस आधी पोरांना, म्हाताऱ्यांना उंचावर नेतो. मग गोठ्याकडे धावतो आणि दावी कापतो. सुटलेली म्हैस पोहत कुठे लागेल सांगता येत नाही, पण बांधलेली नक्की बुडते. दावं कापतो तोच खरा जनावरावर जीव असलेला माणूस. आणि पंचनाम्याच्या वेळी अडतो तोही तोच. तलाठ्याला दाखवायला मेलेलं जनावर नसतं, पशुवैद्याला तपासायला काही नसतं. उरतो रिकामा खुंटा.

मदत किती, तेही सांगतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022 साली ठरलेले दर असे: दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000, वासराला 20,000, शेळीला 4,000. कोंबडीमागे 100 रुपये, तेही 10,000 पर्यंतच. मोठी दुभती जनावरं कितीही गेली तरी एका कुटुंबाला तीन जनावरांचेच पैसे. चांगली मुर्रा म्हैस 37,500 रुपयांत दावणीला येत नाही. ज्याच्या गोठ्यातून पाच गेल्या, त्याने उरलेल्या दोन कुठल्या पैशांतून घ्यायच्या? महाराष्ट्राने 2025 च्या अतिवृष्टीनंतर ही तीनची अट काढून टाकली. गोव्यातही ती जावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे जनावरं थोडी, त्यामुळे बोजाही थोडाच.

पण दरापेक्षा मला पुराव्याची काळजी जास्त वाटते. अमेरिकेत आपत्तीत मेलेल्या जनावराला सरकार सरासरी बाजारभावाच्या 75 टक्के देतं. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की मालकाकडे पक्के कागद नसले तर प्रत्यक्ष माहिती असलेल्या तिऱ्हाइताची साक्षही तिथे विचारात घेतात. आपल्याकडे तर दूध संस्थेची वही आहे! सकाळ-संध्याकाळ कोणी किती लिटर दूध घातलं, ते तिच्यात तारीखवार लिहिलेलं असतं. पुराच्या आदल्या दिवसापर्यंत बारा लिटर घालणारा दुसऱ्या दिवसापासून दोन लिटर घालू लागला, तर ती नोंद बोलते. शेजाऱ्याची सही आणि ही वही पंचनाम्याला पुरेशी मानली पाहिजे.

वाचलेल्या म्हशीचंही दुःख आहे. रात्रभर थंड पाण्यात उभी राहिलेली म्हैस आटते, भिजलेला पेंढा कुजतो. त्या बुडालेल्या दुधाला या दरपत्रकात जागाच नाही.

नदीकाठच्या माझ्या भावांनो, बहिणींनो, निदान एवढं करा. पाऊस धरण्याआधी प्रत्येक जनावराचा फोटो काढा, कानातला पिवळा बिल्ला दिसेल असा. बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर कागदावर उतरवा, दूध संस्थेच्या पासबुकाची प्रत त्याला जोडा. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. गोठ्याच्या आढ्याला खोचू नका, पाणी तिथपर्यंतही चढू शकतं.