यादीत नाव नसेल तर

(पळसदेव येथील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज आपण बारावी आणि पदवी परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार केला. हार घातले, पेढे वाटले, टाळ्या वाजविल्या. हे योग्यच झाले. परंतु यांपैकी काही मुले थोड्याच दिवसांत पुण्याच्या प्रवेश यादीत आपले नाव शोधतील आणि ते त्यांना सापडणार नाही. त्या दिवशी त्यांनी काय करावे आणि आपण त्यांच्याशी कसे वागावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

पुणे विद्यापीठाची स्थापना 1949 साली झाली. 2014 साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. गणेशखिंडीतील त्याच्या विभागांत एम.एस्सी., एम.ए. करावे ही आपल्या कितीतरी मुलांची इच्छा असते. पण तिथे जागा मोजक्या आणि अर्ज राज्यभरातून, राज्याबाहेरूनही येतात. म्हणून प्रवेश परीक्षा होते, यादी लागते आणि कुठेतरी रेघ ओढली जाते.

ती रेघ कुठे पडेल हे एकट्या तुमच्या गुणांवर ठरत नाही. आपण उजनीच्या काठावरची माणसे आहोत. पळसदेवात पावसाचा थेंब पडला नाही तरी धरणाचे पाणी चढते, कारण पाऊस वर मावळात पडलेला असतो. यादीचेही तसेच आहे. त्या वर्षी किती जणांनी अर्ज केले, पेपर सोपा निघाला की अवघड, वरच्या क्रमांकाची मुले दुसरीकडे गेली की राहिली, यावर ती रेघ वर-खाली होते. तेव्हा नाव आले नाही याचा अर्थ त्या वर्षी त्या जागा आपल्या आधी संपल्या, एवढाच घ्यावा. आपल्याला अक्कल नाही, असा निकाल त्यातून कोणी दिलेला नसतो.

अभियांत्रिकीच्या सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. 90 पर्सेंटाइल म्हणजे शंभरात 90 गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांपैकी सुमारे 90 जण आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, असा त्याचा अर्थ. समजा, तीन लाख मुले बसली, तर एका पर्सेंटाइलमध्ये तीन हजार मुले येतात. एकदोन प्रश्नांनी हजारोंचा क्रमांक बदलतो. हे शेजाऱ्यांना ठाऊक नसते, पण घरच्यांना तरी ठाऊक असावे.

आता जे आपल्या हातात आहे, ते पाहू.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, अकरावीतच अर्ज करा. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा, जुनी महसुली नोंद आजच शोधून ठेवा. आपले जुने गाव धरणात गेले, कागद तरी जाऊ देऊ नका. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतींचा हक्क 1990 च्या कायदादुरुस्तीने मिळाला आहे. केंद्रीय संस्थेत अर्ज करताना केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढावा. एका कागदापायी हक्काची जागा गेली, तर ते दुःख कमी गुणांच्या दुःखापेक्षा मोठे असते.

दुसरी गोष्ट पसंतीक्रमाची. अभियांत्रिकीसारख्या शासकीय प्रवेश फेऱ्यांत मोठे कॉलेज वर लिहिले म्हणून खालच्या कॉलेजातला आपला हक्क जात नाही. जे मनापासून हवे, ते वर लिहा. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, आणि पुढच्या फेऱ्यांचे नियम बदलत असतात. म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचल्याशिवाय अर्ज भरू नका.

तिसरी गोष्ट धीराची. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून पालक घाबरतात, शेताचा तुकडा गहाण टाकून व्यवस्थापन कोट्यातली जागा विकत घेतात. अशा प्रवेशाला शिष्यवृत्तीही मिळत नाही. दुसरी फेरी यायची असते, तोवर घर कर्जात गेलेले असते. बंधूंनो, सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत जमिनीला हात लावू नका.

आणि तरीही जागा नाहीच मिळाली, तर इंदापूरला महाविद्यालय आहे, बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे. तिथली पदवीही पुणे विद्यापीठाचीच. तीन वर्षे नेटाने अभ्यास करून गणेशखिंडीचे दार पुन्हा ठोठावता येते. पुण्यात प्रवेश मिळाला, पण शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर स्वाधार योजनेचा अर्ज करावा.

बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. आजच्या यादीत ते गुण कुठे बसले असते, याचा विचार करा. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांत पुन्हा येण्याची परवानगी घेऊन ठेवली आणि 1920 साली ते परत गेले. पुढे त्यांचा प्रबंधही परीक्षकांनी दुरुस्तीसाठी माघारी पाठविला होता. तो त्यांनी पुन्हा सादर केला आणि डी.एस्सी. मिळविली. निघताना परत येण्याची वाट मोकळी ठेवणे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

माता-भगिनींनो, एक कटू गोष्ट बोलतो. मुलाचे नाव यादीत नसले तर आपण म्हणतो, एक वर्ष थांब, पुन्हा परीक्षा दे. मुलीचे नाव नसले तर स्थळे पाहायला लागतो. सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात आपल्या मुलीला दुसरी संधी नाही, आणि ती नाकारणारे आपणच, हे बरे नव्हे. जे एक वर्ष मुलाला देता, तेच तिलाही द्या.

संस्थेच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. निकालापासून महिनाभर विहारात रोज संध्याकाळी एक टेबल मांडा. प्रवेश घेतलेली थोरली मुले तिथे बसोत, धाकट्यांचे अर्ज तपासोत, तारखा फळ्यावर लिहोत. एखादे मूल जेवेनासे झाले, एकटे बसू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांकही फळ्यावर लिहून ठेवा, तो मोफत आहे.

आणि उद्या रस्त्यात एखादा विद्यार्थी भेटला, तर ‘नंबर लागला का रे?’ असे विचारू नका. ‘पुढची फेरी कधी आहे, कागद पुरे आहेत का, काही लागते का?’ असे विचारा. तेवढ्यानेही त्याची मान वर होईल.