पाण्याचा हिशोब उगमापासून

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण)



आपल्यातल्या काहीजणी मुंबईच्या वस्त्यांमधून आल्या आहेत, तर काहीजणी शहापूर, मोखाडा, वाडा, मुरबाडच्या पाड्यांवरून. दोघींचीही सकाळ हंड्यानं सुरू होते. एकीच्या गावची नदी दुसरीच्या शहरात नेली जाते आणि तरीही दोघींची पाण्यासाठीची वणवण संपत नाही. हे कसं होतं, ते आज बघू.

मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. विहार आणि तुळशी हे शहरातले दोन तलाव सोडले, तर बाकी सगळं बाहेरून येतं. तानसा धरण १८९२चं, मोडकसागर १९५७चं. पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४पासून मध्य वैतरणा. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचा हा मुलूख. पाऊस इथं मुबलक पडतो. तरी दर उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते.

धरण म्हटलं की आपण बुडणाऱ्या गावांबद्दल बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण धरणाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बाईचं काय जातं, ते कुठल्याच यादीत नसतं. पावसाळा संपला की तिच्या नदीचा प्रवाह आटतो. डोहातले मासे-खेकडे गेले की पोरांच्या ताटातलं कालवण जातं. काठची भाजी जाते. धुणं आणि गुरांचं पाणी लांब जातं. भातसेची तऱ्हा वेगळी आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उपसलं जातं. नदी वाहते खरी, पण शहराच्या गरजेप्रमाणे. नुकसानभरपाई द्यायची वेळ आली की सातबारा बघतात. त्यावर बहुतेक वेळा बाईचं नाव नसतं, आणि मासे-खेकड्यांचा तर सातबाराच नसतो.

मग कायदा काय म्हणतो? १९९६च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, हे लक्षात ठेवा. २००६च्या वनहक्क कायद्यानं पाणवठ्यांतल्या मासळीवर सामूहिक हक्क दिला, आणि पाणलोट व जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. याच कायद्याच्या आधारे २०१३मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. आपल्याकडे मुरबाडच्या काळू धरणाचं काम वनखात्याची मंजुरी नसतानाच सुरू झालं होतं. लोक न्यायालयात गेले आणि २०१२मध्ये उच्च न्यायालयानं ते थांबवलं.

पण ‘या नदीतलं इतकं पाणी आधी तुमचं’ असं आपला एकही कायदा सांगत नाही. अमेरिकेत १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मिल्क नदीच्या खटल्यात सांगितलं, की आदिवासींसाठी जमीन राखून ठेवली, त्याच वेळी त्या जमिनीला लागणारं पाणीही राखून ठेवलं गेलं. वरच्या अंगाला नंतर आलेल्यांना ते अडवता येणार नाही. तत्त्व मोठं आहे. पण २०२३मध्ये नवाहो लोकांना त्याच न्यायालयानं सांगितलं, की ते पाणी मिळवून देण्यासाठी पावलं उचलायला सरकार बांधील नाही. म्हणजे हक्क कागदावर आला तरी लढा संपत नाही.

आता गारगाई आणि पिंजाळ धरणांची चर्चा आहे. १९९४च्या चितळे समितीपासून ती चालू आहे. गारगाईतून रोज ४४० दशलक्ष लिटर मिळतील, असा हिशोब मांडतात. याच महापालिकेनं सांडपाणी शुद्ध करायची सात नवी केंद्रं बांधायला घेतली आहेत. त्यांची क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर आहे. पिण्याव्यतिरिक्त इतर कामांना त्यातलं किती वापरणार, गळती किती थांबवणार, हे आधी सांगा. मग नदी मागा.

वस्तीतल्या मैत्रिणींना कुणी सांगेल, ‘त्या आदिवासी बाया तुमचं पाणी अडवताहेत.’ त्याला विचारा, इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि वस्तीतल्याला ४५, हा हिशोब कुणी केला? वस्ती अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येत नाही, हे पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं २०१४मध्ये सांगितलं. त्याआधी धरणं कमी नव्हती. तुमचं पाणी पाड्यावरच्या बाईनं अडवलेलं नाही.

म्हणून आपल्या मागण्या तीन. शहराच्या योजनेत पहिला आकडा उगमाकडच्या गावांच्या गरजेचा असावा: पिण्याचा, शेतीचा, गुरांचा. दुसरं, धरणाखाली बारमाही किती पाणी सोडणार, ते योजनेतच लिहून द्यावं. तिसरं, ग्रामसभेची संमती हवी, नुसता विचारविनिमय नको. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती सभा कागदावरच उरकू देऊ नका. तिथं मासे, भाजी, धुण्याची जागा, सगळं ठरावात लिहून घ्या. जे लिहिलंच गेलं नाही, ते गेलं असं उद्या कुणाला सांगणार?